परतीचा भाव

“परत येतात म्हणजे?” कारखान्याच्या संचालकांनी बिस्किट चहात बुडवत विचारलं.

“म्हणजे परत येतात!” आरमाराचे कप्तान कडाडले. “टॉर्पेडो शत्रूवर सोडला, की गोल फिरून आमच्याच बोटीवर येतो. चाचणीत दोनदा झालंय. ही खेप मी घेणार नाही.”

कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या टंकलेखिकेला हायसं वाटलं. तिचा धाकटा भाऊ पाणबुडीवर होता आणि ही खेप तिकडेच जाणार होती. चला, पोरांना कोणीतरी वाली आहे म्हणायचा, असं तिच्या मनात आलं.

पण संचालक चांगलेच मुरलेले. “अहो, परत आला तर तो परतीचा माल! बदलून देऊ की,” असं म्हणून ते खो खो हसले. कप्तान हसले नाहीत. मग संचालकांनी पुढची खेप महिनाभर आधी द्यायचं कबूल केलं. कप्तानांनाही वरिष्ठांना दाखवायला लवकरची तारीखच हवी होती. मग मात्र तेही हसले.

भाजी घेणारा माणूस निदान वांगं उलटंपालटं करून तरी बघतो. इथे तेवढंही नाही. बिघडलेल्या टॉर्पेडोची किंमत कारखान्याने कापून द्यायची, खेप आहे तशी उचलायची, असं ठरलं. त्या कापलेल्या किमतीला नावही पडलं, परतीचा भाव. संचालक कपाच्या तळचा बिस्किटाचा चोथा चमच्याने चाटूनपुसून खात होते.

तिने करार टंकून आणला. सहीसाठी वाकलेले कप्तान थबकले.

“बाई, हे काय? ‘परतीचा भाऊ उभयपक्षी मान्य’?”

“भाऊ काय, भाव! भाव!” संचालक खेकसले. “लक्ष कुठाय तुमचं?”

“भाऊ पाणबुडीवर आहे माझा,” ती म्हणाली. “ही खेप त्यांच्याकडेच जाणार ना, साहेब?”

कप्तानांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. तिच्याकडे काही बघितलं नाही.

“एवढं दुरुस्त करून आणा, ताई,” ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. संचालकांच्या हसण्यापेक्षा त्या ‘ताई’चीच तिला जास्त शिसारी आली.

तिने ऊ खोडला आणि व टंकला. खाली दोघांच्या सह्या झाल्या.

घरी आल्या आल्या ती मोरीत हात धूत बसली. भावाची बायको टॉवेल घेऊन मागे येऊन उभी राहिली.

“वन्सं, आज आरमाराचे साहेब येणार होते ना? ह्यांच्या परतीचं काही बोलले का हो?”

“बोलले,” ती म्हणाली, आणि टॉवेल न घेता तिने पुन्हा साबण उचलला.