आठ आण्यांचा शेवट

गेवराईच्या बसस्टँडसमोर उत्तरेश्वरचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती टमटममध्ये घालून त्याच्याकडे आणतात, आणि तो आतली जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरून देतो. हे झालं पोटापाण्याचं काम. खरं काम म्हणजे पिक्चर बघणं आणि त्यावर मत देणं. हे दुसरं काम तो पहिल्यापेक्षा जास्त मन लावून करतो, असं त्याची बायको जानकीबाई म्हणायची, आणि त्यात तिचं काहीच चुकत नव्हतं.

त्याची मत द्यायची रीत ठरलेली. पिक्चर आण्यांत तोलायचा. बारा आणे म्हणजे कामधंदा सोडून बघा. आठ आणे म्हणजे बघितला काय अन् न बघितला काय. चार आण्यांच्या पिक्चरला तो पिक्चर म्हणायचाच नाही, डोकेदुखी म्हणायचा. त्याची मुलगी ऋतुजा सात-आठ वर्षांची असल्यापासून त्याच्या स्कूटरवर मागे बसून थेटरला जायची आणि परतताना त्याच्या पाठीला गाल लावून ओरडायची, “आप्पा, चौदा!” आप्पा म्हणायचा, दहा. घर येईपर्यंत दोघांचं वाजायचं. एकदा ती पिक्चरमध्ये हुंदके देऊन रडली आणि बाहेर येऊन पंधरा आणे म्हणाली, तेव्हा त्यानं तिला स्कूटर थांबवून समजावलं होतं की रडू आलं म्हणून आणे वाढवायचे नसतात. रडू कांद्यानंही येतं. पोरगी हे कधी विसरली नाही. बापही विसरला नाही, आणि तिथंच सगळा घात झाला.

पुढे पिक्चर मोबाईलवर आले, तसा वाहेदनं मोबाईलवरच ग्रुप काढला. वाहेद म्हणजे उत्तरेश्वरचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, स्टँडच्या गेटाजवळ त्याचा फळांचा गाडा. ग्रुपचं नाव ‘सोळा आणे’, माणसं अकरा, त्यात ऋतुजाही. दर आठवड्याला पाळीपाळीनं एकानं पिक्चर सुचवायचा, सगळ्यांनी शनिवारपर्यंत बघायचा, आणि रविवारी सकाळी आपापलं मत टाकायचं. मत खरं पाहिजे. ग्रुपवर सकाळचे फुलांचे फोटो चालणार नाहीत, राजकारण नाही आणि घरातली भांडणं तर मुळीच नाहीत. एवढा कडक कारभार तालुक्यात दुसरीकडे कुठं चालत नसेल.

साडेतीन वर्षांपूर्वी ऋतुजानं अंगदशी लग्न केलं. मुलगा चांगला, परळीच्या थर्मल वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. पण दुसऱ्या जातीचा. उत्तरेश्वरच्या तलवाड्याच्या भावकीनं बैठक बसवली, आणि त्या बैठकीत कुणी जबरदस्ती न करता हा आपणहून उभा राहून म्हणाला की मला मुलगी नव्हतीच. भावकीतले लोक चहा पिऊन आपापल्या घरी गेले आणि आठवड्याभरात विसरलेसुद्धा. हा मात्र आपल्याच शब्दात अडकून बसला. थुंकलेलं चाटायचं कसं, एवढ्या एका गोष्टीपायी त्यानं घरात पोरीचं नाव काढायची बंदी केली.

तेव्हा वाहेदनं गाड्यावर पेरू पुसता पुसता विचारलं होतं, पोरीला ग्रुपमधून काढू का. उत्तरेश्वर दुसरीकडे बघत म्हणाला, “ग्रुप पिक्चरचा हाय, घरचा न्हाई. ऱ्हाऊ दे.” वाहेदनं पुढचा पेरू पुसायला घेतला. त्याला कळायचं ते कळलं.

मग साडेतीन वर्षं हा अजब संसार चालला. रविवारी सकाळी नऊला उत्तरेश्वर मत टाकायचा, आणि पाचच मिनिटांत त्याच्याखाली ऋतुजाचं मत यायचं, हमखास उलटं. त्यानं नटाला नावं ठेवली की ती नटाची बाजू घ्यायची. त्यानं गाणी फालतू म्हटलं की ती गाण्यांचे दोन आणे वाढवायची. एकमेकांचं नाव कुणी घेत नव्हतं, पण ग्रुपमधल्या इतरांना कळत होतं की हे पिक्चरवरून भांडत नाहीत, हे एकमेकांना भेटतायत. तिच्या मतांवरून त्याला सगळं समजायचं. कधी ती दमलेली असायची, तेव्हा मत एका ओळीत यायचं. एका रविवारी तिनं लिहिलं, ‘लेकरू सारखं उठतं, म्हणून तीन तुकड्यांत बघितला. अकरा आणे.’ आपण आजोबा झालो हे उत्तरेश्वरला असं कळलं. दुकानात समोर कुणाची तरी मोटार उघडी पडली होती. त्यानं त्या दिवशी तिच्यात तार उलटी भरली आणि दुसऱ्या दिवशी सगळी उपसून पुन्हा भरत बसला. त्या पिक्चरला त्यानं स्वतः सात आणे दिले होते. ते खोडून त्यानं खाली लिहिलं, ‘अकरा कबूल.’ साडेतीन वर्षांत तो एकदाच तिच्याशी सहमत झाला.

गेल्या महिन्यात सुचवायचा नंबर ऋतुजाचा आला. तिनं एक छोटासा मराठी पिक्चर सुचवला, कुणी फारसं नाव न ऐकलेला. त्यात एक विहीर खोदणारा बाप असतो आणि त्याची लेक मनाविरुद्ध लग्न करून निघून गेलेली असते. शेवटी तो एका दुपारी पिशवीत घरचे भुईमूग घेऊन तिच्या दारात जाऊन उभा राहतो. ती दार उघडते, पिशवी घेते आणि ‘आत या’ म्हणते. बास, एवढंच. पिक्चर सुचवताना तिनं नेहमीपेक्षा एक ओळ जास्त लिहिली होती. ‘असं खरंच होतं का, यावर मत पाहिजे.’

कुणाचं मत पाहिजे, ते ग्रुपमध्ये बच्च्यालाही कळलं असतं. 

उत्तरेश्वरनं तो पिक्चर तीनदा बघितला. दुकानाच्या मागच्या खोलीत, तारेच्या बंडलावर बसून. तिन्ही वेळा त्या भुईमुगाच्या पिशवीपाशी आला की त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. तिसऱ्या वेळेला, शनिवारी दुपारी, त्यानं तोंड धुतलं आणि मनाशी ठरवलं की दिवाळीच्या आत परळीला जायचं. भावकी गेली खड्ड्यात. ठरवलं, आणि त्याला साडेतीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर झोप लागली.

आणि रविवारी सकाळी नऊला, ताज्या डोक्यानं, त्यानं मत टाकलं. जायचं ठरलं ते घरचं झालं आणि मत हे पिक्चरचं, असे दोन डबे त्यानं इतकी वर्षं वेगळे ठेवले होते, की त्या दिवशी ते एकच आहेत हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. शिवाय आपण तीनदा रडलो याची त्याला लाज होती. रडू आलं म्हणून आणे वाढवायचे नसतात. आणि खरंच त्याला शेवट पटला नव्हता. त्या बापानं आधी दोनदा अर्ध्या वाटेतून माघारी यायला पाहिजे होतं, दारात त्याचे पाय लटपटायला पाहिजे होते, असं त्याला वाटत होतं. इतक्या वर्षांची लाज एका पिशवीत कशी मावेल? पण एवढं सगळं कोण लिहीत बसतं. त्यानं लिहिलं, ‘नट चांगला. विहिरीचं काम बरोबर दाखवलंय. शेवट खोटा. असा बाप लेकीच्या दारात जात नसतो. आठ आणे.’

पाच मिनिटं झाली. दहा झाली. चाळीस मिनिटांनी तिचं मत आलं.

‘बरोबर आहे. मीच चुकीचा पिक्चर सुचवला.’

त्याच्याखाली लगेच बारीक अक्षरात ओळ उमटली की ऋतुजानं ग्रुप सोडला.

वाहेद गाडा तसाच उघडा टाकून दुकानात आला. गिऱ्हाईक समोर असताना त्यानं उत्तरेश्वरच्या हातातली पक्कड काढून बाजूला ठेवली.

“पोरगी तुला पिक्चरचं इचारत होती का बे?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. “लेकीनं दार वाजवलं अन् तू त्या दाराचं लाकूड कसं हाय ते सांगत बसला.”

उत्तरेश्वर सांगायला लागला की मी जायचं ठरवलं होतं, कालच ठरवलं होतं. वाहेदनं विचारलं, हे तिला कुणी कळवलं होतं का. 

घरी जाऊन त्यानं जानकीबाईला पोरीचा पत्ता विचारला. त्या माऊलीनं कणकेचे हात न धुताच सांगितला, थर्मलच्या रस्त्यानं जायचं, दत्ताच्या देवळामागं, निळं गेट, वरचा मजला. साडेतीन वर्षं पत्ता जिभेवर तयार ठेवून बसली होती. नवरा दुकानात गेला की ती फोनवर बोलायची, पण नवऱ्याला चोरून कधी परळीला गेली नव्हती. “मी येऊ का संगं?” तिनं विचारलं. तो म्हणाला, आधी मला एकट्याला जाऊ दे.

सोमवारी सकाळी तो माजलगाववरून परळीला उतरला. हात मोकळे होते. काही न्यावं असं घरातून निघताना दहादा मनात आलं, पण पिक्चरमधल्या बापाची नक्कल केल्यासारखं दिसेल म्हणून त्यानं काही घेतलं नाही. बघा, अजूनही पिक्चरच. निळ्या गेटापाशी त्याचे पाय खरंच लटपटले.

ऋतुजानं दार उघडलं. वाळली होती. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जुनी स्कूटरवरची पोरगी आली आणि लगेच गेली. ती म्हणाली, “या. बसा.” तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. पाहुण्याला करतात ते सगळं केलं. दोन वर्षांची मुलगी तिच्या गाऊनला धरून एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत होती. कपाळ थेट जानकीबाईचं. त्यानं हात पुढं केला, तशी ती आईच्या मागं लपली.

शेजारची शाईस्ता वाटीत विरजण मागायला आली आणि तिनं सहज विचारलं, पाहुणे कुठले.

“गेवराईचे,” ऋतुजा विरजण काढता काढता म्हणाली. “आमच्या पिक्चरच्या ग्रुपमधले हायत.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला धरून भांडता आलं असतं. शाईस्ता हसून गेली. उत्तरेश्वरनं चहाचा कप खाली ठेवला. तो म्हणाला की तू वाचलंस त्याचा तो अर्थ नव्हता. मी यायचं शनिवारीच ठरवलं होतं. मी तीनदा रडलो.

“आप्पा,” ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तो शब्द त्याच्या कानावर आला, पण तिचं बोलणं तिथं थांबलं नाही. “मी दर रविवारी तुमच्या मताची वाट बघायचे. मला पिक्चरचं काय पडलंय? लेकरू पोटात असताना उलट्या होत होत्या तरी बघायचे, कारण न बघितला तर तुमच्याशी बोलणार काय. शेवटी म्हटलं, किती दिवस आडून बोलायचं. धीर करून सरळ इचारलं.”

“चुकलं माझं.”

“न्हाई, तुमी खरं मत दिलं. ग्रुपचा नियमच हाय तो.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “पण त्या दिवशी मला खोटं चाललं असतं, आप्पा.”

आयुष्यभर हजारेक पिक्चरांना त्यानं मतं दिली होती, आणि या घडीला त्याच्याकडे एक वाक्य नव्हतं. नात कोपऱ्यात प्लास्टिकच्या डब्यावर चमचा आपटत होती. अंगद जेवायला येईल, त्याच्यासमोर नको, असं ऋतुजानं हळूच सुचवलं. तो उठला. चपला घालताना त्यानं विचारलं, पुन्हा येऊ का.

तिनं लेकराच्या हातातला चमचा काढून घेतला. मग म्हणाली, “आईला पाठवा. तुमी सध्या नका येऊ. मला लई रडू येतं, अन् मग लेकरू घाबरतं.”

गुरुवारी त्यानं जानकीबाईला परळीच्या गाडीत बसवून दिलं. वाहेदनं गाड्यावरची निवडून चांगली चिकू-सफरचंदं पिशवीत भरून दिली आणि तो बाजूला झाला. जानकीबाई खिडकीशी बसली. साडेतीन वर्षांनी लेक भेटणार म्हणून तिचा चेहरा फुलला होता, आणि नवऱ्याकडे बघितलं की तो फुललेला चेहरा तिला लपवावा लागत होता. कंडक्टरनं बेल दिली. तिनं खिडकीतून विचारलं, पोरीला काय सांगू.

उत्तरेश्वरनं गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला.

“तिला काय नको सांगू,” तो म्हणाला. “लेकराला कडेवर घे. किती जड लागती, तेवढं मला येऊन सांग.”