चोवीस फुटांची पांदण

आचलनं करकचून ब्रेक दाबला, तरी पुढचं चाक ढेकळांत गेलंच. काल संध्याकाळपर्यंत इथं पांदण होती. आज नांगरट होती, आणि तिच्या तोंडाशी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. अरे, रस्ता म्हणजे काय घरचं अंगण आहे, मनात आलं आणि उकरून टाकलं?

गावातून निघून संत्र्याच्या बागांमधून तलावाकडं आणि तलावाच्या पाणथळीला वळसा घालून थेट सातपुड्याच्या जंगलात जाणारी ही मातीची वाट. आचल वरुडच्या एका शाळेत खेळ शिकवायची. रोज सकाळी शाळेच्या आधी जाड टायरची, वाकड्या हँडलची ग्रॅव्हल सायकल काढायची आणि या वाटेनं सुटायची. गाव हसायचं. घरी स्कुटी असताना पोट्टी सायकल हाणते म्हणे! हसू दे. डांबरी रस्त्यावर ट्रक अंगावर येतात आणि टवाळ पोट्टे बाजूला गाडी लावून नाही नाही ते बोलतात, ते हसणाऱ्यांना कुठं सोसावं लागतं? पांदणीत कोणी नसायचं. तलावावर थंडीची बदकं उतरलेली असायची, पुढं सागाचं रान. कुठं चालली, कधी येणार, लग्नाचं काय, असं विचारणारं तिथं कोणी नव्हतं. अख्ख्या दिवसात तेवढा एक तास तिचा होता, आणि तोच कोणीतरी नांगरून टाकला होता.

कोणीतरी म्हणजे केशवराव, पांदणीला लागून वावर असलेले. ते आपल्या बांधावर, धुऱ्यावरच उभे होते, तोंडात निंबाची काडी.

"काका, हे काय करून राहिले तुमी?"

"हरभरा पेरून राहिलो. दिसत नाई काय?"

"रस्त्यात?"

"कोणता रस्ता? जाते कोण इथून? एक तुही सायकल, अन् एक त्या सुंदराबाईची बैलबंडी."

सुंदराबाईचं अडीच एकर वावर पांदणीच्या पार टोकाला, तलावाच्या काठावर. बंडी गेली नाही तर त्या बाईनं कापूस काय डोक्यावर वाहायचा?

"तिकडं स्वीडनमधी कोणाच्याही रानातून सायकलनं जाता येते, काका," आचल फणकारली. हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं, तासन् तास पाहिलं होतं. "नुकसान करू नका, एवढंच म्हणतात. अन् इथं सरकारच्या नकाशातला रस्ता तुमी गिळून राहिले!"

"मंग तिकडंच जाय ना! इथं काहून धूळ खाऊन राहिली?"

"मी मोजणी आणतो. मंग पाहू कोणाचं काय हाय ते."

"आण," केशवराव म्हणाले, आणि हसले. असं हसतं का कोणी, मोजणीचं नाव काढल्यावर? पण आचलनं ते मनावर घेतलं नाही. राग आला की ती कोणाचं काही मनावर घ्यायची नाही, लहानपणापासून.

त्याच दिवशी तिनं अर्ज लिहिला आणि गावभर सह्या गोळा करायला निघाली. पहिली सही घरची पाहिजे म्हणून कागद बापापुढं धरला. देवरावांनी चष्मा पुसला. पेन चालत नाही म्हणाले. तिनं दुसरा पेन दिला.

"जाऊ दे ना, आचल. काहून भांडण उकरते? आपल्या बागेतून जात जाय तू."

"अन् सुंदराबाईची बंडी? तेबी आपल्या बागेतून नेऊ देता?"

आई, दुर्गाबाई, चुलीपासून म्हणाली, "ऐक बाई त्यायचं." आचलचं डोकं आणखीच फिरलं.

"बाबा, तुमी त्या केशवकाकाले भेता! भेकड झाले तुमी!"

दारात सहीला आलेली चार माणसं उभी होती, ती ऐकत होती. देवरावांनी सही केली.

महिन्याभरानं मोजणी आली. तिपाईवर यंत्र घेऊन साहेब आले, नकाशा घेऊन तलाठी आले. फुकटचा तमाशा म्हणून निम्मं गाव लोटलं. संत्र्याची झाडं फळांनी लगडून जमिनीला टेकली होती. साहेबांनी हद्दीचा दगड शोधला, यंत्र लावलं आणि केशवरावांच्या वावरात दहा फूट आत जाऊन थांबले.

"इकडची हद्द ही. नकाशात पांदण चोवीस फूट आहे. यांच्याकडं दहा फूट निघते."

चुन्याची रेघ पडली. आचलनं केशवरावांकडं पाहिलं. आता बोला! पण बुवा शांत होते. उलट त्यांनी साहेबांना हात जोडून म्हटलं, "आता उरलेली चौदाबी दाखवा साहेब. पोरीले हौस हाय."

साहेब पांदणीच्या दुसऱ्या बाजूला, देवरावांच्या बागेकडं वळले. देवरावांचा धुरा ओलांडला आणि बागेत शिरले. पहिल्या ओळीपाशी पोचले, तरी थांबले नाहीत. झाडांच्या पलीकडं जाऊन म्हणाले, "टाका रेघ."

सव्वीस झाडांची पूर्ण ओळ पांदणीत उभी होती.

मागून एक जण फिसकन हसला, आणि मग सगळं गाव हसलं. "हात दाखवून अवलक्षण!" कोणीतरी ओरडलं. "पोरीनं बापालेच मोजलं!"

"तुहा बाप दरसाल नांगराचा एक एक तास सरकला," केशवराव म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "वीस वर्सं मी पायलं. वखर फिरवला की एक तास इकडं. अवंदा उरलेली मी घेतली, तं चोर मीच? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पायाचं वाकून!"

आचलचे कान तापले. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमाले मालूम होतं."

"हाव."

"मंग सही काहून केली?"

"लोकायपुढं नाई म्हनलो असतो तं तवाच चोर झालो असतो," देवराव दात खात म्हणाले. "अन् भेकड कोण म्हने मले? मोजणीच्या आधी एक वेळ बापाले इचारलं असतं! हे झाडं लावले तवा तू सात वर्साची होती. बादलीनं पाणी तूच घातलं ह्यायले."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. चोरीच्या मातीत लावलेल्या झाडांना तिनं पाणी घातलं होतं, आणि कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसं वाटलं. ती रडली नाही.

तलाठ्यांनी घसा खाकरला. "पंधरा दिवसांत दोघांनी आपापलं काढून घ्यायचं. किंवा ताई, अर्जदार तुम्ही. तडजोड होत असेल तर अर्ज मागं घ्या, विषय संपला."

केशवरावांनी संधी बरोबर साधली. "हे पाय पोरी. तुह्या सायकलले लागते किती? दोन फूट. मी तीन देतो. तुह्या बापाचे झाडं राहतात, माहा हरभरा राहते, तुही सायकल जाते. झालं!"

गावानं माना डोलावल्या. वा, काय न्याय! देवरावांनी लेकीकडं पहिल्यांदा आशेनं पाहिलं. तीन फूट. उद्या सकाळी ती तलावावर गेली असती, बदकं पाहिली असती, आणि रात्री बापाच्या ताटाशेजारी जेवली असती.

गर्दीच्या मागं सुंदराबाई उभी होती. बंडी आणायची कुठून, हे तिनं कोणालाच विचारलं नाही. आयुष्यात कधी विचारलं नसेल. आचलला तिचाही राग आला. बोल ना बाई! तुझं बोलणं मीच काहून बोलू? पण ती बोलेपर्यंत तीन फुटांचा सौदा झाला असता.

"अर्ज मागं घेत नाई," आचल म्हणाली. "चोवीस म्हणजे चोवीस."

पंचनाम्यावर तिनं सही केली, पूर्ण नाव लिहून. देवराव तोवर निघून गेले होते.

पंधरा दिवस घरात कोणी तिच्याशी बोललं नाही. आई ताट सरकवायची आणि वळायची. त्या ओळीचं फळ उतरवून झालं, झाडं तशीच उभी. तिकडं केशवरावांचा हरभरा वीतभर वाढला. "देवराव काढतील तं मी काढीन," ते पारावर सांगत होते. म्हणजे कोणीच काढणार नाही, हे गावाला कळलं. आचललाही कळलं.

सोळाव्या दिवशी ती शाळेत गेली नाही. उजाडताच कुऱ्हाड घेतली आणि चुन्याच्या रेघेवर गेली. संत्र्याचं लाकूड चिवट असतं. पहिलं झाड पडायला तास गेला, दुसऱ्याला त्याहून जास्त. तळहात फुटले. सुंदराबाई विळा घेऊन आली आणि फांद्या ओढू लागली. धुऱ्यावर माणसं जमली. पाचवं झाड पडलं तेव्हा केशवरावांचा ट्रॅक्टर आला, कोणाकडं न पाहता हरभऱ्यात शिरला आणि पांदणीपुरता हरभरा मोडू लागला.

दुपारी ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून घाव ऐकू आले. देवराव बनियनवर उभे होते, हातात कुऱ्हाड. आचल तिकडं गेली. पाणी देऊ का, एवढंच विचारायचं होतं तिला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. देवरावांनी कुऱ्हाड थांबवली नाही. घामानं डोळे चुरचुरत होते, ते लाल झाले होते.

"रेघेच्या अलीकडचं एक पानबी तोडलं," ते म्हणाले, "तं याद राख."

"अन् रेघेपलीकडचं एक मूळबी ठेवणार नाई," आचल म्हणाली, आणि परत जाऊन सहाव्या झाडावर घाव घातला.