ओदार्काच्या नावाचा शिधा

मित्रांनो, मी एक जुनी, मळकी कादंबरी आहे आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म युक्रेनमधला, सोव्हिएत राजवटीतला. माझ्यात एका गहू पिकवणाऱ्या खेड्याची आणि ओदार्का नावाच्या म्हातारीची गोष्ट होती. छापण्याआधी सरकारी साहेबानं माझं एक अख्खं प्रकरण काढायला लावलं. लेखकानं हातापाया पडून पाहिलं. "काढ, नाहीतर पुस्तकच विसर," एवढंच उत्तर मिळालं. अशी पोट कापलेली मी पुढं मराठीत आले आणि नव्वदच्या सुमाराला कोल्हापुरातल्या एका प्रदर्शनात स्वस्तात विकली गेले.

मला घेतलं बसव्वानं. गुळाच्या व्यापाऱ्याची ही बायको दर सोमवारी मठात दासोहाला, म्हणजे सगळ्यांच्या जेवणाला, भाकरी थापायला जायची. दुपारी मात्र ती माझी असायची. एका जागी ती हमखास अडायची. "गावात गहू मावंना, आन् म्हातारी एकदम मेलेलीच? कशानं गेली गं?" मी काय सांगणार? ती पानंच माझ्यात नव्हती.

दोन हजार सालानंतर तिची लेक शांभवी माझी सवत घेऊन आली. गोष्ट तीच, पण इंग्रजीत, गुळगुळीत आणि अखंड. राजवट गेल्यावर काढलेलं प्रकरण परत घातलं होतं.

"अव्वा, ही पुरी हाय. ती जुनी रद्दीत घाल की."

माझा नुसता जळफळाट झाला. शांभवी मराठीत सांगू लागली. सरकारी माणसांनी घराघरातून गहू उचलून नेला. ओदार्कानं शेवटची मूठ नातवाला भरवली आणि ती भुकेनं गेली. बसव्वा ढसाढसा रडली. माझ्यासाठी ती कधीच रडली नव्हती. सवतीला वाळवी लागावी, असं मी मनापासून म्हटलं.

सोमवारी बसव्वानं तांदूळ, डाळ आणि गूळ बांधला. पिशवीत तिनं सवतीला नाही, मला घातलं. मठात शिधा घेणाऱ्या तानाबाईनं विचारलं, "कुनाच्या नावानं वं, आक्का?"

"ओदार्काच्या."

"ही कुठली?"

बसव्वानं मला काढून पुढं धरलं. "ह्यातली. उपाशी मेली बिचारी. आन् ह्या पुस्तकाला त्ये सांगू बी दिलं न्हाय."

मित्रांनो, अपुरं पुस्तक रद्दीत टाकण्याआधी ते अपुरं कुणी ठेवलं, एवढं तरी विचारा. सवत आता वरच्या फळीवर मिरवते. मिरवू दे. पण ओदार्काला या घरात आणलं ते मी.