आईच्या गाडीचा क्लच

आईला जाऊन दोन महिने झाल्यावर बाबांनी तिच्या गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"क्लच जड जातो आता मला. गुडघा कुरकुरतो. गॅरेजवाल्याला सांग, केबल लिव्हरच्या बाहेरच्या भोकात घाल म्हणावं. दोन मिनिटांचं काम आहे."

मी किल्ली उचलली आणि जिन्याच्या वळणावर थांबले. दोन मिनिटांचं.

गाडी आईची होती, शाळेच्या पगारातून घेतलेली. नऊ वर्षांपूर्वी तिचं इंजिन धूर ओकायला लागलं, तेव्हा ते आपणच बदलायचं असं बाबांनी ठरवलं. कारखान्यातल्या फोरमनकीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मागून ठोकलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन त्यांनी गिअरबॉक्ससकट मिळवलं. दीड महिना आमच्या दारात चेन-पुली टांगलेली होती. मी सुट्टी काढून मदतीला आले होते. पाने पुसून हातात द्यायचे, बोल्ट डब्यांत वेगळे ठेवायचे. नवं इंजिन जुन्या जागेत बसेना, तर त्यांनी आधाराच्या पट्ट्या कापून, वेल्ड करून नव्याने बनवल्या. केसभर फरक त्यांना खपत नसे. मला त्यांचा अभिमान वाटत होता.

आईला गाडी एकाच गोष्टीसाठी हवी होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशी अंथरुणाला खिळली होती. दर गुरुवारी आई जाऊन तिचे केस धुवायची, विंचरायची, वेणी घालायची. बाबांनी तिला कधी जाऊ नको म्हटलं नाही. झाकून ठेवलेलं ताट उघडताना एवढंच म्हणायचे, "गुरुवारी आम्ही पोरके."

नवं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. आई बसली. क्लच अर्ध्यावरच अडला. जिन्यावरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा अधू होता. तिने स्टीअरिंग घट्ट धरून पाय रेटला. पाय निसटला, गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली.

"अहो, हा फार घट्ट आहे."

"ताकदीचं इंजिन आहे. त्याचा क्लच असाच असणार."

"जरा सैल नाही का करता येणार?"

"क्लच आहे तो, बरणीचं झाकण नाही. थोडा जोर लाव. सवय होईल."

मी पायरीवर उभी होते. मला हसू आलं, आणि मी ते दाबलं नाही. आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा किल्ली फिरवली.

तीन गुरुवार तिने प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी भर चौकात गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. ती गाडी तिथेच सोडून लंगडत परत आली आणि किल्ली खुंटीला अडकवली. बाबांच्या हातचं काम दुसऱ्या कुणाला दाखवायचं, हे तिच्या मनातही आलं नसावं. आमच्या घरात ते बसत नव्हतं.

नंतर गाडी बाबाच चालवायचे. "मी सोडतो ना तुला," म्हणायचे, पण गुरुवारी त्यांना नेमकं काम निघायचं. आई दोन बस बदलून महिन्यातून एकदा जाऊ लागली. पुढे गुडघ्याला तेही झेपेना. मावशी गेली तेव्हा तिच्या केसांचा इतका गुंता झाला होता की सांभाळणाऱ्या बाईने ते कात्रीने कापून टाकले होते. आईने ते भादरलेलं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवत राहिली.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला.

"हे बघा, ताई. टोकाचं भोक कंपनीचं. हे आतलं कुणीतरी नंतर पाडून केबल त्यात अडकवलीय. दार बिजागराजवळ ढकलून बघा कधी, घाम निघतो. हे तसंच."

"केबल आखूड पडली असेल."

त्याने केबल सोडवून टोकापर्यंत नेली. ती पोचली, वर बोटभर उरली.

"कुठे आखूड? आणि काम बघा कसलं. कडा कशा गुळगुळीत केल्यात. माणूस कारागीर होता, पण खडूस."

मला ती गोल कानस आठवली. मीच पुसून त्यांच्या हातात दिली होती.

"घालू बाहेरच्यात?"

"नको. होती तिथेच लावा."

"मग मला कशाला बॉनेटमध्ये वाकवलंत?" तो हसला, पण त्याने ती लावली.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार होते. कारखान्यातली जुनी मंडळी महिन्यातून एकदा जमायची. तेवढं एकच जाणं त्यांना उरलं होतं. ते बसले. क्लच दाबताना त्यांची मांडी थरथरली. गाडी उडी मारून बंद पडली.

"केलं नाही का त्याने?"

"मी करू दिलं नाही."

त्यांनी काचेतून समोर पाहिलं.

"तेव्हा केबल आखूड होती," ते म्हणाले.

"पोचते, बाबा. बोटभर उरते."

त्यांनी कपाळ पुसलं. मग मान न वळवता म्हणाले, "ती मंडळी खोळंबतील."

"थोडा जोर लावा. सवय होईल."

मी मागे जाऊन पायरीवर उभी राहिले. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.