पहिलं नाव धामये

मुलगा पाच दिवसांचा होता तेव्हा स्वरूपानं त्याचं नाव फॉर्मवर लिहिलं आणि समोरच्या नोंदणी अधिकारी फ्राऊ क्लाईननी ते वाचून चष्मा काढला.

"अहो, हे तर तुमचं माहेरचं आडनाव आहे," त्या म्हणाल्या.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. चारच ओळी खाली 'आईचं जन्माच्या वेळचं आडनाव' असा रकाना होता आणि तिथे स्वरूपानं 'धामये' असं ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं होतं. लग्न झाल्यापासून हे आडनाव तिला कुणी विचारलंच नव्हतं. बँकेत भिडे, पासपोर्टवर भिडे, सासरच्या पत्रिकांवर सौ. भिडे. जर्मन सरकारनं आपणहून विचारलं म्हणून स्वरूपाबाई हरखल्या आणि स्वतःच्याच हातानं पुरावा देऊन बसल्या.

"आडनाव हे पहिलं नाव म्हणून मी नोंदवू शकत नाही. तुमच्या देशात असं नाव ठेवतात, असा काही कागद असेल तर आणा. महिन्याभरात नाव ठरायला हवं," फ्राऊ क्लाईन म्हणाल्या आणि फॉर्म परत केला. श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद होते त्या कार्यालयात, वाद घालून उपयोग नसतो हे स्वरूपाला जर्मनीतल्या सहा वर्षांत कळलं होतं. तिनं फॉर्म घेतला आणि टाके सांभाळत जिना उतरली.

आता हा हट्ट कशापायी, तर बाबांपायी. यशवंत धामये, सांगलीतले निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी 'धामये कुलवृत्तांत' या एकाच पुस्तकाला वाहिली होती. गावोगावच्या धामयांना पत्रं लिहायची, माहिती मागवायची, प्रत्येक शाखेचं एकेक पान जुळवायचं. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. मुलींची नावं असायची, पण नवऱ्याचं नाव लिहिलं की त्यांची ओळ संपायची. यशवंतरावांच्या स्वतःच्या पानावर शेवटी तनय होता, स्वरूपाचा धाकटा भाऊ. २००९ साली तो मोटारसायकलवरून पडून गेला, बावीस वर्षांचा. त्याच्या नावापुढे 'अविवाहित' हा शब्द बाबांनीच लिहिला, आणि त्यानंतर दोन वर्षं त्या पुस्तकाला हात लावला नाही.

आता २०१४ साल होतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती आणि बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने धरून चला. स्वरूपाला तेव्हा नववा लागला होता, विमानात कुणी घेतलं नसतं. पडल्यापडल्या तिनं ठरवलं, मुलगा झाला तर नावच धामये ठेवायचं. धामये जयंत भिडे. मग बाबा त्याला पानावर कसे घेणार नाहीत? त्यांना आधी काही बोलायचं नाही, छापील दाखलाच दाखवायचा.

"अगं, पण ऑफिसात हाक मारल्यासारखं वाटतं," जयंत म्हणाला होता. "धामये, दूध प्या. धामये, लंगोट बदलायचा आहे, जरा इकडे या."

एरवी ती हसली असती. जयंत नेकारसुल्मच्या कारखान्यात इंजिनियर, सरळ माणूस, बायकोच्या माहेराबद्दल त्याच्या मनात काडीचंही वाकडं नव्हतं. पण त्याला हिशेब कळत होता, आणि हिशेब वाईट होता. नाव नाही तर जन्माचा दाखला नाही. दाखला नाही तर पासपोर्ट नाही, आणि पासपोर्टाला तातडी सांगूनही सहा आठवडे.

"आज दुसरं काहीही नाव दे," श्टांडेसआम्टमधून घरी आल्यावर तो म्हणाला. "सुमित दे, सत्यजित दे. आपण बाबांपर्यंत वेळेत पोचू. प्लीज, स्वरूपा."

"आणि घेऊन काय जाऊ? भिड्यांचा मुलगा?"

"आपला मुलगा. बाबांचा नातू."

"तो त्या पानावर येत नाही, जयंत! तनयनंतर खाली काहीच नाही. ते पान उघडून बाबा तासन् तास बसतात, तू नाही बघितलेलं."

जयंतनं विषय तिथेच सोडला. त्यानं जरा कमी समजूतदारपणा दाखवला असता तर बरं झालं असतं.

मग तिची धावपळ सुरू झाली. भारतीय वकिलातीतून उत्तर आलं की असा दाखला देण्याची पद्धत नाही. नावांचा अभ्यास करणाऱ्या पुण्यातल्या एका प्राध्यापकांना तिनं तीन मेल केले, त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. एका हातात मूल, दुसऱ्या हातात फोन, टाके ठणकतायत, दूध धड येत नाही, आणि कॅलेंडरवर रोज एक दिवस कमी. आपण काय पणाला लावलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती कुणाशी बोलेनाशी झाली. रोज जेवणवेळी आई, म्हणजे सुधाताई, बाबांसमोर फोन धरायची. रोज बाबांचा चेहरा आणखी लहान झालेला असायचा.

"नाव काय ठेवलंस गं?"

"ठरतंय बाबा. बारसं तुमच्या मांडीवरच करायचंय."

"मग लवकर या," बाबा म्हणायचे.

सोळाव्या दिवशी तिनं बाबांना वगळून धामयांच्या सगळ्या नातेवाइकांना मेसेज टाकला. आडनाव हेच नाव म्हणून ठेवलेलं कुणी माहितीत आहे का? तासाभरात इंदूरहून वासंतीआत्याचा फोन आला. ही बाबांची चुलत बहीण, स्वरूपानं तिला जेमतेम दोनदा पाहिलेलं.

"माझ्या मुलाचं नाव धामये आहे," आत्या म्हणाली. "घरात आम्ही बंडू म्हणतो, पण शाळेत, नोकरीत, सगळीकडे धामये. त्याचा जन्माचा दाखला पाठवते तुला."

स्वरूपाला रडूच फुटलं. "आत्या, तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले. पण यशवंतदादाला माझं नाव सांगू नकोस."

"का गं?"

"आधी तुझं काम होऊ दे," म्हणून आत्यानं फोन ठेवला. स्वरूपानं त्यावर विचारच केला नाही. तेवढी उसंत कुणाला होती!

दाखल्याचं सरकारमान्य अनुवादकाकडून भाषांतर झालं, फ्राऊ क्लाईननी ते वर पाठवलं, आणि सत्ताविसाव्या दिवशी त्यांचा फोन आला की या, मंजूर झालं. बाईंनी स्वतः उभं राहून हात मिळवला. "धा-मा-ये," त्या सावकाश म्हणाल्या. "छान वाटतं. अभिनंदन!" शिक्क्याचा ताजा कागद स्वरूपानं दोन्ही हातांत धरला. महिन्याभरात पहिल्यांदा तिला भूक लागली.

बाहेर येऊन तिनं चौकातल्या बाकावरूनच सांगलीला फोन लावला. जयंत बाबागाडी धरून शेजारी उभा होता. आईनं फोन बाबांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, नाव ठरलं. धामये."

"कुणाचं?"

"ह्याचं, बाबा. पहिलं नाव धामये. सरकारी दाखला आहे हातात. आता तरी तो आपल्या पानावर येईल ना?"

बाबांनी आधी आईला उशी वर करायला सांगितली.

"वासंतीनं कागद दिला का?" त्यांनी विचारलं.

स्वरूपाला आत्याचं बजावणं आठवलं.

"तिच्या मुलाचं तेच नाव आहे. नागपूरच्या कुंदाच्या मुलाचंही. आणखी एकीच्या मुलाचंही होतं. तिघींनीही मुलांची नावं छापा म्हणून पत्रं लिहिली होती. वासंती तर घरी येऊन रडली. मी म्हटलं, मुलीचं मूल दुसऱ्या कुळाचं, नाव काही का ठेवेनात. तिघांनाही गाळलं मी. माझ्या हातानं."

"पण नियम तुम्हीच केला होता ना? मग तुम्हीच बदला."

"पुस्तक छापून आलं गं. पंधरा दिवस झाले." बाबांना धाप लागली. "एकदा तरी विचारायचंस मला."

तिच्या हातातला कागद तसाच होता, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. पाचव्या दिवशी सुमित म्हटलं असतं तर या घटकेला पासपोर्ट यायला तीनच आठवडे उरले असते. हा विचार तिला अगदी स्वच्छ सुचला. बाबांचा शब्द नव्हता, पुस्तक नव्हतं, आणि दिवस तिनं स्वतः एकेक करून घालवले होते. तिनं जयंतकडे पाहिलं. तो बाबागाडीत वाकून मुलाचं पांघरूण उगाच नीट करत होता.

पलीकडे आईनं फोन घेतला, खोलीबाहेर गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "स्वरूपा, डॉक्टर आता दहा-बारा दिवस म्हणतायत. तुमचा पासपोर्ट कधी येतो?"

"आज अर्ज करतोय," स्वरूपा म्हणाली. "सहा आठवडे."

 आतून बाबांनी हाक मारली तेव्हा आईनं फोन परत नेला.

"नावाचं राहू दे आता," बाबा म्हणाले. "काही असू दे. मला एकदा मांडीवर घ्यायचाय. कधी आणतेस?"

"पुढच्या रविवारी," स्वरूपा म्हणाली.

"अगं, ऐकलंस का, रविवारी येतायत," बाबा आईला सांगत होते. "तो पंखा दुरुस्त करून घे, बाळाला उकडेल."

"बरं," आई म्हणाली.