एकोणीस गुरुवार

मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता विज्ञान शाखेच्या मोठ्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, पायऱ्यांवर, खिडक्यांच्या कठड्यांवर मुलं बसली होती आणि प्रत्येकानं हातात कॅल्क्युलेटर उलटा धरला होता. आकड्यांचं तोंड जमिनीकडे केलं की आत दडलेलं नापासाचं भूत खाली सांडतं, असा शोध प्रेषित ओबेद अमिसा यांनी मागच्या आठवड्यात लावला होता.

प्रेषित व्यासपीठावर डोळे मिटून उभे होते. सगळे त्यांना पप्पा म्हणत.

"इथे एक लेकरू आहे," ते म्हणाले. "रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. सेंद्रियच्या पेपरात सदतीस. मला त्याचा वार ऐकू येतोय. गुरुवार. ऊठ, याव."

घानात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं: गुरुवारचा मुलगा याव, मुलगी याआ. तिसऱ्या रांगेतला जो मुलगा चाचरत उठला, तो मात्र म्हणाला, "पप्पा, सदतीस बरोबर आहेत. पण मी क्वामे. शनिवारचा."

"तुझ्या आईबापांनी वार चुकवला, बाळा. परीक्षेला बसतो क्वामे आणि गुण जातात यावला. तो याव कुठेतरी मजेत पहिल्या वर्गात पास होत असेल."

"आमेन," सभागृह म्हणालं. क्वामेचे डोळे भरून आले. आपण मठ्ठ नाही, आपला फक्त वार चुकला आहे, हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही?

मागच्या दाराशी इकुआ बेडन उभी होती. ती संख्याशास्त्र शिकवायची आणि शाखेच्या मुलांची सल्लागारही होती. ती आली होती अराबा दानक्वासाठी. गणितात दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी सकाळी विद्यापीठ सोडण्याचा अर्ज घेऊन तिच्या टेबलासमोर उभी राहिली होती.

"शुक्रवारपर्यंत सही हवी, मॅडम."

"का सोडतेस?"

"पप्पा म्हणाले, मी याआ आहे. अराबाच्या नावानं घेतलेला प्रवेश माझा नव्हेच. पुढच्या वर्षी याआ म्हणून नव्यानं यायचं."

"आणि दोन वर्षांचे गुण?"

"ते अराबाचे."

"तू मंगळवारची हे तुला पक्कं माहीत आहे?"

"अगदी पक्कं. मंगळवारी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत. म्हणून तर बाबा घरी होते आणि आईला दवाखान्यात न्यायला माणूस मिळाला." अराबानं अर्ज पुढे सरकवला. "पण पप्पांना माझे कॅल्क्युलसचे गुण कळले, मॅडम. एकोणतीस. मी आईलासुद्धा सांगितले नव्हते."

इकुआनं सही केली नाही. ती सभेला आली आणि सवयीप्रमाणे मोजत राहिली. एका मुलीनं आधीच्या दोन सभांची नोंद वहीत अगदी मन लावून ठेवली होती; इकुआनं तीही मागून घेतली. तीन सभांत पप्पांनी एकतीस जणांना उठवलं होतं. आठवड्याला वार सात, तेव्हा त्यांत गुरुवारचे चार-पाच निघायला हवे होते. निघाले होते एकोणीस. आत्म्याला गुरुवारचं एवढं वेड का असावं?

कार्यालयात परतून तिनं अराबाची नोंद उघडली. जन्मतारीख: १ जानेवारी २००४. फोनमधलं कॅलेंडर मागे नेलं. त्या दिवशी गुरुवार होता.

इकुआ खुर्चीत मागे टेकून एकटीच हसली. प्रवेशाच्या खिडकीवर ज्याच्याकडे जन्माचा दाखला नसे, त्याच्या नावापुढे कारकून १ जानेवारी आणि त्या तुकडीचं ठरलेलं साल, अराबाच्या वेळी २००४, टाकून मोकळा व्हायचा. सगळ्यांना ठाऊक असलेली, कुणालाच न खटकणारी पद्धत. देवाला अराबाचा मंगळवार माहीत असायला हवा होता. गुरुवार फक्त विद्यापीठाला माहीत होता.

मग तिचं हसू गेलं. नाव, विषय, गुण आणि जन्मतारीख एकत्र असलेला कागद अख्ख्या विद्यापीठात एकच होता: तिच्याच सल्ला कार्यालयातून दर सोमवारी निघणारी, नापास व्हायच्या धोक्यात असलेल्या मुलांची लाल यादी.

यादी तयार करायचे अंकल ॲकन. सव्वीस वर्षांची नोकरी, चर्चमध्ये वडीलधाऱ्यांत मान. बुधवारी सकाळी तिनं विचारलं तेव्हा ते पानात गुंडाळलेली केंकी, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा, सोडत होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"पाठवतो ना. वसतिगृहांच्या प्रार्थना गटाला. दर सोमवारी, न चुकता."

"अख्खी यादी?"

"नावं नसली तर प्रार्थना कुणासाठी करायची, मॅडम? देवाला पत्ता लागतो."

"देव जन्मतारीखही मागतो?"

अंकलनी केंकीबरोबरच्या तळलेल्या माशाकडे पाहिलं. "तो रकाना काढायला मला येत नाही."

"त्या गटात अमिसा आहेत?"

"तेच तर चालवतात." आणि मग केंकीचा घास हातातच राहिला. "अरे देवा. ते वाचून दाखवतात?"

"डोळे मिटून."

अंकलनी घास परत पानावर ठेवला. ते रडतात की काय असं इकुआला वाटलं. "मी त्या मुलांचं भलं करत होतो," ते म्हणाले.

"आता करू या. आजपासून गटाला खरी यादी जायची नाही. फक्त एक पुरवणी पाठवा, एका नावाची. क्वेकू बेन्टसिल, भूगर्भशास्त्र, बावीस गुण, तासाला येत नाही, १ जानेवारी २००४."

"हा कोण?"

"कुणीच नाही."

"मी खोटं लिहू?"

"जो नाहीच, त्याच्यासाठी प्रार्थना केली तर कुणाचं काय बिघडणार आहे, अंकल?"

गुरुवारी खास सभा होती, सापडलेल्या सगळ्या गुरुवारांसाठी. अराबा दुसऱ्या रांगेत बसली होती. अर्ज मांडीवर, सहीची जागा कोरी.

पप्पांनी डोळे मिटले. "दगड दिसतायत. भूगर्भशास्त्र. बावीस. हा मुलगा तासाला जात नाही. क्वेकू बेन्टसिल, तुझं खरं नाव याव. ऊठ."

कुणी उठलं नाही.

"तो आलाय. मला त्याचा श्वास ऐकू येतोय. उंच आहे. लाजतोय."

पाचव्या रांगेतून एक मुलगा उठला. "मी असेन, पप्पा."

"तुझं नाव काय रे?" मागून इकुआनं विचारलं.

"कोजो, मॅडम. पण मलाही बावीसच पडलेत."

"मलाही," खिडकीतून दुसरा म्हणाला. "आणि मी उंच आहे."

सभागृहात खसखस पिकली. "भूत दोघांत वाटलं गेलंय," पप्पा घाईनं म्हणाले.

"तिघांत करा," इकुआ पायऱ्या उतरत म्हणाली. "क्वेकू बेन्टसिलला मी काल सकाळी पावणेदहा वाजता जन्माला घातलं. कागदावर. तो या जगात नाही, पप्पा, आणि तुम्हाला त्याचा श्वास ऐकू येतोय." तिनं मुलांकडे वळून विचारलं, "यांनी ज्यांना गुरुवारचं ठरवलं, त्यांनी हात वर करा."

एकोणीस हात वर झाले.

"विद्यापीठाच्या नोंदीत ज्यांची तारीख १ जानेवारी २००४ नाही, त्यांनी खाली घ्या."

एकही हात हलला नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"आता ज्यांच्या आईनंही तीच तारीख सांगितलीय, तेवढ्यांनी वर ठेवा."

भराभर हात खाली आले. एकच उरला. तो मुलगा खरोखरच याव होता आणि एकटा पडल्यामुळे त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं.

इकुआनं खिडकीवरची पद्धत आणि सोमवारची यादी समजावून सांगितली. पप्पा शांतपणे म्हणाले, "आत्मा कार्यालयामार्फतही बोलतो."

"बोलू दे. पण कारकुनाची चूक तशीच कशी वाचतो?"

पप्पांनी कोटाची बटणं लावली. दुसऱ्या कॉलेजात आपली वाट पाहतायत असं काहीसं पुटपुटत ते बाजूच्या दारानं गेले. पुष्कळांनी कॅल्क्युलेटर हळूच सरळ केले.

अराबा मात्र उठून उभी राहिली. "यादी कुणाची होती, मॅडम?"

"माझ्या कार्यालयाची," इकुआ म्हणाली.

"तुमचा मेसेज मलाही आला होता. 'विद्यार्थी क्रमांक अमुक, आपण धोक्याच्या गटात आहात.' त्यात माझं नाव नव्हतं. तो मी चार वेळा वाचला आणि इथे आले. पप्पांनी चुकीच्या का होईना, नावानं हाक मारली."

"दोन्ही चुका आमच्या," इकुआ म्हणाली. "जे कुणाला सांगायचं नाही ते गावभर पाठवलं आणि तुला जे सांगायचं ते धड सांगितलं नाही. कॅल्क्युलसमध्ये तुझं नेमकं कुठे अडतं हे त्या यादीवरून मला आजही कळत नाही. तू सांगितलंस तर कळेल."

अराबानं अर्जाकडे पाहिलं. "सांगेन. पण कुठे पाठवायचं नाही. प्रार्थनेलासुद्धा नाही."

"नाही पाठवणार."

अराबानं अर्जाची घडी घातली आणि आडवी फाडली. मग विचारलं, "आत्ता वेळ आहे का?"

लाल यादी अजून निघते, पण तिच्यात जन्मतारीख नसते आणि ती फक्त सल्लागारांकडे जाते. ज्याचा मेसेज त्याला, त्याच्या नावानं, आणि भेटायची वेळ घालून. अंकल ॲकन रकाना काढायला शिकलेत.

तुमच्या मनातलं गुपित कुणी भर सभेत सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, की हे आधी कुणाकुणाला माहीत होतं? त्या माणसांपासून चालत निघालात की बहुतेक वेळा चमत्काराच्या घरी पोचाल, आणि तिथे एखादा कागद पडलेला असेल. आणि तो कागद तुमच्याच टेबलावरून जात असेल, तर कितीही चांगल्या हेतूनं असो, पाठवण्याआधी ज्याचं नाव आहे त्याला विचारा.