ठेवायला दिलेलं हाड

मिळण्यासारखं बरंच होतं. लाल हाडाची झिजलेली कड अंगठ्याखाली फिरवत बेगायिम सकाळपासून तेच मांडत बसली होती... मेंढीच्या घोट्याचं हाड, आपाने, म्हणजे आईने, कधीकाळी लोकरीच्या नमद्याच्या रंगात बुडवून काढलेलं, आता कडांना पिवळट. नूरूझच्या, वसंतातल्या नव्या वर्षाच्या आठवड्यात फोनमधल्या खेळांच्या दुकानाच्या दर्शनी फळीवर तिने बनवलेला खेळ लागणार होता. शोधणाऱ्याला सापडणार होता. आत्ता ‘आल्ची’ हे त्याचं नाव शोधलं की आधी नाचणाऱ्या गायी येत, मग फुटणाऱ्या गोळ्या, मग तिचाच खेळ उचलून चकचकीत केलेली कुणाची तरी नक्कल, आणि त्याही खाली, जिथवर कुणाचं बोट उतरत नाही तिथे, ती. हे असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत खेळ बंद करून पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात खुर्ची धरावी लागणार, हेही तिने मांडून ठेवलं होतं.

आणि द्यायचं काय? फक्त एक नियम.

तिच्या खेळात दोन अनोळखी माणसं रिंगणात हाडं मांडून एकमेकांची उडवत. उडवलेलं हाड जिंकणाऱ्याच्या पिशवीत जाई, ते कायमचं. दुकानाच्या मते हा जुगार होता. रात्र उलटली की ज्याची हाडं त्याला परत मिळाली पाहिजेत. ज्याला दम नाही त्याने एक जाहिरात बघावी आणि लगेच घ्यावीत.

“एजे, त्यापेक्षा हाडांचे बंद डबे विका की,” दुकानाचा इकडचा माणूस, येरबोल, अल्माटीहून फोनवर म्हणाला होता; ताई म्हणावं तसं तो तिला ‘एजे’ म्हणायचा. “आत काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब.”

“आणि तो जुगार नाही?”

“तो धंदा!” तो मनापासून हसला. “रडत गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, एजे. संध्याकाळपर्यंत होकार कळवा. फळी कुणासाठी रिकामी राहत नाही.”

रडत गेलेलं... ती तर रोजच रडत जायची. कुरणावरच्या त्या उन्हाळ्यात — घोडीच्या दुधाचा आंबूस वास, गवतात खुरपीने कोरलेलं रिंगण, आणि उरमात, तिचा थोरला भाऊ, एक डोळा मिटून नेम धरणारा — दिवस मावळला की ती रिकामे खिसे घेऊन तंबूत शिरायची, आपाच्या मांडीत तोंड खुपसायची, आणि सकाळी घोड्या दुहायच्या आत पुन्हा रिंगणावर हजर. हे लाल हाडही त्याने तिच्याकडून जिंकलेलं. तो उन्हाळा आणि त्यापुढचाही ती त्याच्या मागे सावलीसारखी होती; माझं हाड त्याच्या खिशात होतं, मी दुसरीकडे जाणार तरी कुठे?

मग खूप वर्षांनी एका सकाळी, रशियात, एकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवायला निघताना, याच टेबलावर त्याने ते ठेवलं. “हे घे.” तिला वाटलं, फिटलं. मोठी माणसं झालो आपण. ती त्याला बसपर्यंत पोचवायलाही उतरली नव्हती... पुढे सणासुदीचे निरोप, तेवढेच.

फोन थरथरला. उरमातच. नवा नियम कालच तिने काही जुन्या खेळाडूंना चाचणीसाठी दिला होता, त्यात तोही होता.

“बेगा, हे काय पाळणाघर करून ठेवलंयस?”

“काय झालं, बाइके?” थोरल्या भावाला ती अजून असंच म्हणायची.

“काल त्या काराकोलच्या म्हाताऱ्याने माझी अर्धी पिशवी मारली. आज बघतो तर सगळी हाडं परत! मी काय भीक मागितली होती?”

“बरंच झालं की तुझं.”

“डोंबलाचं बरं! दुपारी दोन भाड्यांच्या मधे यायचा तो. आधी बर्फ किती पडलं ते सांगायचा, मग शिव्या घालायचा, मग माझीच हाडं दाखवून चिडवायचा. आज आला नाही. कशाला येईल? त्याच्याकडे माझं काही उरलंच नाही.”

त्याच्या मागे कुणाचा तरी हॉर्न वाजला.

“आणि माझं लाल आहे ना जपून?”

“तुझं? ते तर तू परत दिलंस.”

“परत? शुद्धीवर आहेस ना! जिंकलेलं हाड कुणी परत देतं का? ठेवायला दिलं होतं. भाकर आपाकडे, हाड तुझ्याकडे... चल, गिऱ्हाईक बसलं.”

स्वयंपाकघरात आपा बोरसोकसाठी, तळायच्या गोळ्यांसाठी कणीक मळत होती. तिच्या डोक्यावर, खिळ्याला, पांढऱ्या फडक्यात ती भाकर टांगलेली. निघताना उरमातने एकच घास चावलेली. उरलेली, तो येऊन खाईल तोवर अशीच राहायची. बेगायिमच्या नजरेला ते फडकं इतकं सवयीचं की ते दिसेनासंच झालं होतं.

“आपा, ते लाल हाड त्याने माझ्याकडे का ठेवलं होतं?”

“का म्हणजे? त्याला परत बोलवायचं काम तुझं म्हणून. मला मेलीला फोन लावता येतो का धड?” आपाने कणकेला बुक्की मारली. “मला वाटलं, तू बोलावत असशील त्याला. येत नाही, तेव्हा म्हटलं, तिथे रमला असेल.”

ती टेबलाशी परत आली. स्क्रीनवर येरबोलचा प्रश्न तसाच उघडा होता, खाली दोन बटणं. खिडकीतलं ऊन सरकून हाडापर्यंत आलं होतं, पण तिने हाड मुठीत घेतलं ते उन्हासाठी नव्हे... सकाळी किती हलकं होतं हे. तिचा म्हणून मिरवलेला ऐवज, दुसऱ्याची ठेव निघालेला. दर्शनी फळी, गर्दी, खुर्ची, सगळं सकाळच्याच जागी होतं; फक्त मिळकत म्हणून मांडलेलं आता एका बाजूला नीट उभं राहीना. सगळ्यांना सगळं परत. कुणाला तोशीस नाही. असंच तर तिने या घरातही इतकी वर्षं धरून चाललं होतं.

उरमातने हाड ठेवलं. तिने ते फिटलं म्हणून धरलं. आणि मधली सगळी भरपाई आपा करत आली होती — दर शुक्रवारी स्टुलावर चढून, भाकर उतरवून, फडकं झटकून, पुन्हा त्याच खिळ्याला टांगून.